प्रॉम्प्टरच्या माथी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वंदनालाही नाही — आणि माझ्या बायकोपासून एखादी गोष्ट लपवून ठेवणं म्हणजे काय, हे तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता मला माझं कौतुक ऐकवत नाही म्हणून. हो, कौतुकच. लोक शिव्या खाऊन कबूल होतात. मला लोकांनी वाहवा करून करून इथवर आणलंय.

पण आधी जरा रागावून घेतो. ते मला चांगलं जमतं.

आम्ही सिंगापुरात एक छोटं मराठी पत्र काढतो. नाटक, गाणं, चित्रं — इथली मराठी माणसं हौसेनं जे काही करतात त्याची खबर, आणि त्यावर चार ओळी. नाव 'आठपानी'. सुरुवातीला पानं आठ होती म्हणून. आता चारच निघतात, पण नाव बदलायचा उत्साह कुणाला आहे? मी दिवसा एका कंपनीचे हिशेब बघतो आणि उरलेल्या वेळात संपादक असतो. बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर अंक जुळवायचा, जवळच्या छापखान्यातून छापून आणायचा, आणि रविवारी सकाळी चार माणसांनी बसून त्याच टेबलावर घड्या घालायच्या. मग मसाल्याच्या दुकानांत, डबे करणाऱ्या काकूंकडे, कार्यक्रमांच्या दारात गठ्ठे ठेवून यायचे. कितीतरी वर्षं हे चाललंय. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

आणि लोक तो अंक वाचतात कसा? उभ्या उभ्या शेवटचं पान उघडतात. फोटोत आपण आहोत का बघतात. असलो तर अंक घरी जातो, नसलो तर त्यावर समोसा ठेवला जातो. मी डोळ्यांनी पाहिलंय. "आमच्या हिचा फोटो फारच लहान आला हो," असं सांगायला लोक मला ऑफिसात फोन करतात. गाण्याबद्दल काय लिहिलंय, ते पटलं का, नाही पटलं तर का नाही — एक शब्द नाही! यांना पत्र नको असतं, लग्नाचा अल्बम हवा असतो. सगळेच सुंदर, सगळेच हसरे. आणि वर स्टेजवर जाऊन भाषण — मराठी टिकली पाहिजे, कला टिकली पाहिजे. अरे, टिकवा की मग! कुणी हात धरलाय का तुमचा?

या सगळ्या अल्बमात एकच कोपरा मी राखून ठेवला होता. 'मागची रांग' नावाचं सदर. इथे आपली माणसं मूठभर. ज्याच्या नाटकाबद्दल लिहायचं तो तुमच्याच ऑफिसात साहेब, जिच्या गाण्याबद्दल लिहायचं तिच्याकडे तुमची मुलं श्लोक शिकायला. स्वतःच्या नावानं खरं कोण लिहील? म्हणून त्या सदराला नाव नसायचं. आम्ही चौघं ते आलटून पालटून लिहायचो. चौघं कोण ते सगळ्यांना माहीत, पण या महिन्यात कोणी लिहिलं, ते फक्त संपादकाला ठाऊक. उरलेल्या तिघांनाही नाही. आणि सदराखाली प्रत्येक अंकात एक ओळ — 'लिहिणाऱ्याचं नाव संपादक कुणालाही सांगत नाही.' हा नियम माझा. मला त्याचा केवढा अभिमान होता! चार पानांच्या कागदाला त्यानं पाठीचा कणा आल्यासारखं वाटायचं मला.

त्या नियमाचं मी काय केलं, तेच सांगायचंय.

चौघांतली एक केतकी. कॉलेजात असताना पुण्यात नाटकं बसवलेली मुलगी. नवरा वन-नॉर्थच्या टेक पार्कात इंजिनिअर, म्हणून ही डिपेंडंट पासवर इथे आलेली. नोकरी करता यायची नाही. मग तिनं काय करावं? सगळं करावं. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकाला प्रॉम्प्टिंग, मेकअप, पडदा ओढणं, आमच्याकडे येऊन घड्या घालणं. लिहायचीही छान — कुणाला न दुखवता, पण गुळमुळीत नाही. त्या वर्षी तिला पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी मिळालं होतं. दिवाळीच्या कार्यक्रमात मुलांचं नाटक. तिनंच लिहिलेलं. एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, एका स्टेशनवर थांबायलाच विसरते आणि डब्यातली मुलं ठरवतात की आता आपणच इथे गाव वसवू — असं काहीतरी. त्यातली मुलं इथल्या मुलांसारखीच बोलत होती, अर्धं मराठी आणि अर्धं इथलं 'लाह' लावलेलं इंग्रजी. मी एक तालीम पाहिली होती. काय सांगू तुम्हाला — इतक्या वर्षांत मला इथे पहिल्यांदा नवीन काहीतरी दिसलं होतं. केतकी जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि मुलांसोबत स्वतःच हसत होती. तिचं तोंड मला अजून आठवतं.

आणि या गोष्टीतलं दुसरं माणूस म्हणजे शिरीषराव. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मंडळाचा आधारस्तंभ. सगळ्या तालमी त्यांच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये. हॉल त्यांच्या ओळखीनं, आमच्या जाहिराती त्यांच्या शब्दाखातर. माणूस वाईट नाही हो. पण या सगळ्याच्या बदल्यात दरवर्षी गणपतीतल्या नाटकाचे नायक शिरीषराव! पाठांतराला वेळ कुठला, साहेब सारखे विमानात. त्या वर्षी तर कहर झाला. विंगेतून केतकीचा आवाज आधी यायचा, मग शिरीषरावांचा. मागच्या रांगेपर्यंत प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येत होतं. आणि शेवटी? लोक उभे राहिले, टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मोठ्यानं वाजवल्या.

पुढच्या अंकात 'मागची रांग' छापून आली. त्यात लिहिलं होतं — 'या नाटकाला दोन नायक होते. एक दिसत होता, दुसरा विंगेतून ऐकू येत होता. ऐकू येणाऱ्यानं पाठांतर केलं होतं. खरा प्रयोग प्रॉम्प्टरचाच. शिरीषरावांनी तिला बरी साथ दिली.'

कोणी लिहिलं ते सांगतो. जरा थांबा.

त्या अंकावर मात्र कुणी समोसा ठेवला नाही. पहिल्यांदाच आमचा अंक पहिल्या शब्दापासून वाचला गेला — आणि तो कशासाठी? हे खरं आहे का, असं एकानंही विचारलं नाही. शिरीषरावांना वाक्यं येत होती की नव्हती, हा प्रश्नच नाही. प्रश्न एकच, लिहिलं कोणी? मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर तेच. आणि उत्तरही त्यांनीच काढलं. सगळ्या नाटकात चांगलं कुणाबद्दल म्हटलंय? प्रॉम्प्टरबद्दल. प्रॉम्प्टर कोण? केतकी. 'मागची रांग' कोण कोण लिहितं? त्यातही केतकी. झालं! दिवसभर लॉजिक लिहून पोट भरणारी ही माणसं, आणि संध्याकाळी त्यांचं लॉजिक हे असं! जिला जरा अक्कल आहे ती स्वतःचंच कौतुक इतकं उघड छापेल का? एवढा साधा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. की येऊ दिला नाही?

तिला कुणी काही बोललं असेल असं तुम्हाला वाटेल. छे. आमच्यात भांडत नाहीत. आमच्यात बिझी होतात. आधी फंक्शन रूम बिझी झाली. मग एकेक मूल. एकाची ट्यूशन, दुसरीचं स्विमिंग, तिसऱ्याला म्हणे खोकला — आणि तो खोकला दिवाळीपर्यंत टिकणार हे त्याच्या आईला आधीच ठाऊक होतं. मेसेज सगळे गोड. 'सो सॉरी डिअर', आणि खाली हात जोडलेले. संताप होतो माझा. तोंडावर सांगा ना बाई, की आम्हाला तुझा राग आलाय! मग ती उत्तर तरी देईल. हात जोडणाऱ्याला माणूस काय उत्तर देणार?

तर अशात ती एका रविवारी आमच्याकडे आली. घड्या घालायला नेहमी येते तशीच. त्या दिवशी दुसरं कुणी आलं नव्हतं. वंदना बाजारात गेली होती. केतकीनं एक गठ्ठा पुढे ओढला, घड्या घातल्या, नखानं दाबून नीट बसवल्या. मग म्हणाली, "मोहनदादा, कोणी लिहिलंय ते सांगू नका. मला ऐकायचंही नाही. फक्त मी लिहिलेलं नाही, एवढं एक वाक्य ग्रुपवर टाका."

एक वाक्य. बघा, तिनं नियम मोडायलाही सांगितलं नव्हतं.

आणि मी काय म्हणालो? मी तिला तत्त्व समजावून सांगितलं. आवाज मऊ करून, थोरल्या भावासारखा. म्हटलं, "केतकी, आज मी तू नाहीस असं सांगितलं, की उद्या दुसरा येईल, म्हणेल माझंही सांगा. मग तिसरा. गाळत गाळत जाऊन शेवटी उरेल त्याचं नाव आपोआप उघडं पडेल. मग या सदरात पुन्हा कोण लिहील?"

तिनं ऐकून घेतलं. 'हो' म्हणाली. उरलेल्या घड्या संपवून गेली.

माझं बोलणं चुकीचं होतं का? तसं पाहिलं तर त्यात एक शब्द खोटा नव्हता. गाळत गाळत गेलं असतं तर शेवटी एकाचं नाव उरलं असतं.

ते माझं होतं.

मी लिहिलं होतं ते. याच टेबलावर, अंक जुळवता जुळवता. त्या महिन्याची पाळी खरं तर केतकीची होती. तिनं स्वतःहून मला सांगितलं होतं — मी नाटकात आहे, मी कशी लिहू, ते बरं नाही. मी म्हटलं, ठीक आहे, बघतो. आणि तिच्या जागी मी लिहिलं. 'बरी साथ दिली' हे वाक्य सुचल्यावर एकटाच हसलो. तिच्यावर काय येईल याचा विचार मनाला शिवलाही नाही. विनोद साधला होता ना, मग बाकी कशाला बघायचं?

आता तुम्ही म्हणाल, पण लिहिलं ते खरंच होतं की. होतं. अक्षरन् अक्षर खरं होतं. पण खरं होतं म्हणून मी ते लिहिलं नाही. त्याहून वाईट नाटकं मी पाहिलीत आणि 'मागच्या रांगे'त माइकच्या खरखरीवर आणि उशिरा येणाऱ्या प्रेक्षकांवर लिहून गप्प बसलोय. या वेळी लिहिलं, कारण त्या वर्षी मी एक एकांकिका लिहिली होती. शिरीषरावांना वाचायला दिली होती. पहिल्यांदाच कुणाला दिली होती. ते म्हणाले, "छान आहे रे, पण जरा हेवी आहे. लोकांना हसायला हवं." मी म्हटलं, "हो हो, बरोबर आहे तुमचं." आणि घरी येऊन जेवलो नाही. वंदनाला सांगितलं, पोट बिघडलंय. तेवढंच. कलेची चाड वगैरे काही नाही. ज्या फोटोवाल्या माणसांवर मी वर एवढं तोंडसुख घेत होतो — तुम्हीच सांगा, त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय? त्यांना फोटो हवा होता, मला एकांकिका. त्यांनी निदान फोन करून सांगितलं तरी.

मग एक वाक्य टाकून मोकळा का झालो नाही? अंक बंद पडला असता म्हणून. जाहिराती गेल्या असत्या, हॉलचं दार बंद झालं असतं. हे खरं आहे, आणि मी ते स्वतःला रोज सांगायचो — व्यक्तीपेक्षा पत्र मोठं. केतकी जाईल, शिरीषराव जातील, मीही जाईन, पत्र राहिलं पाहिजे. काय भारदस्त वाटायचं म्हणून सांगू! प्रत्यक्षात मला भीती वाटत होती. शिरीषराव माझ्याकडे बघतील आणि त्यांना एकांकिका आठवेल, याची. बाकी काही नाही.

फंक्शन रूम गेल्यावर तिनं तालमी स्वतःच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर घ्यायला सुरुवात केली. एकदा मी तिकडून चाललो होतो. उरलेली दोन-तीन मुलं आणि तिची स्वतःची मुलगी. खडूनं जमिनीवर डबा आखलेला. जी मुलं आली नव्हती त्यांची वाक्यं केतकी स्वतः म्हणत होती, एकदा इथे उभी राहून, एकदा तिथे. तिच्या मुलीनं विचारलं, "आई, व्हाय नोबडी कम आ?" केतकी म्हणाली, "येतील. तू तुझं वाक्य म्हण." मी खांबाआड होतो. पुढे गेलो असतो तर काय बिघडलं असतं? मी मागे वळलो, लांबून फेरा घालून घरी गेलो. चार दिवसांनी तिनं नाटक रद्द केल्याचं कळवलं. कारण दिलं, तिची तब्येत.

आणि तुम्हाला वाटत असेल, इथे तरी मला लाज वाटली असेल. थांबा. मी अग्रलेख लिहिला! 'आमचा नियम' म्हणून. दडपण आलं तरी लिहिणाऱ्याचं नाव सांगणार नाही, वगैरे. कुणाचं दडपण? एका बाईनं टेबलाशी बसून एक वाक्य मागितलं होतं, तेवढंच. लोकांना तो लेख फार आवडला. शिरीषरावांना सगळ्यांत जास्त. त्यांचा राग तोवर केतकीवर काढून झाला होता, माझ्यासाठी शिल्लक नव्हता. दिवाळीच्या कार्यक्रमात मुलांचं नाटक रद्द झाल्यामुळे मध्ये वेळ रिकामा पडला होता. त्या वेळेत माझा सत्कार केला. खरंच केला. शिरीषरावांनी शाल घातली, नारळ दिला, आणि माइकवरून म्हणाले, "मी स्वतः नाव विचारलं, तरी या माणसानं सांगितलं नाही. असा बाणेदार संपादक आपल्याला लाभलाय." टाळ्या! मी नारळ घेतला. वाकून नमस्कारही केला. वंदना पुढच्या रांगेत डोळे पुसत होती. केतकी आली नव्हती.

तेव्हापासून हे चाललंय. कुठेही गेलो की कुणीतरी नव्या माणसाशी ओळख करून देतो — हे मोहनराव, यांच्या पोटातून नाव निघत नाही बरं! जाहिराती टिकल्या. अंक टिकला. चोर तो चोर, वर शिरजोर म्हणतात तसा मी. केतकीनं मंडळात येणं सोडलं. लिहिणंही सोडलं. 'वेळ होत नाही' एवढंच कळवलं, तिनंही ग्रुपच्याच भाषेत.

मध्यंतरी पुलाउ उबीन बेटावर भेटली. मी आणि वंदना शनिवारी सायकली चालवायला गेलो होतो. वंदना जेट्टीजवळ शहाळं प्यायला थांबली, मी पुढे आलो, तर एका जुन्या घराच्या कुंपणापाशी केतकी मुलीच्या सायकलची चेन बसवत होती. मुलगी आता उंच झालीय. माझ्याकडे बघून "हाय अंकल" म्हणाली आणि चेन बसताच पुढे निघाली. केतकीचे हात काळे झाले होते. ती हसली. नीट, मोकळं हसली. हात पुसत इकडचं तिकडचं बोलली. मी विचारलं, पुन्हा नाटक वगैरे? म्हणाली, "नाही हो. आता जमायचंही नाही. तेव्हा एकदा लागलं ते लागलं." मग म्हणाली, "पण तुमच्यावर राग नाही हं, मोहनदादा. तेव्हा होता. नंतर विचार केला, तुम्ही तरी काय करणार? तुम्ही तुमचा शब्द पाळलात. राग आहे तो लिहिणाऱ्यावर. माझं सगळं डोळ्यांदेखत गेलं, आणि तो गप्प बसला."

मी ऐकत होतो. ती माझ्या तोंडाकडे सरळ बघत होती, आणि तिला काहीही दिसत नव्हतं.

"तुमची भेट होत असेल ना त्याच्याशी?" तिनं विचारलं. "वाटतं का त्याला काही?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. शिरीषराव नव्हते, मंडळ नव्हतं, अंक बुडण्याचा प्रश्न नव्हता. वंदनासुद्धा मागे होती. मी म्हणालो, "हो. फार वाईट वाटतं त्याला."

"वाटू दे," केतकी म्हणाली, आणि सायकलवर बसून मुलीच्या मागे निघून गेली.